ओला कापूस

माय पुन्हा जाकिटं शिवायला बसली, तेव्हा मी आधी काही बोलले नाही. वाटलं, एखादं शिवेल, तेवढाच तिचा जीव रमेल. पण थंडी वाढत गेली आणि खाटेवर पांढऱ्या जाकिटांचा थर चढत गेला. आत रुई, वरून मांजरपाट, उभे-आडवे टाके, आणि पुढे बटणांऐवजी जुन्या दप्तरांतून उसवून काढलेली वेल्क्रोची चिकटपट्टी. मागच्या वर्षी हर्षदीपसाठी शिवलं होतं, हुबेहूब तसंच.

"एवढे कोनासाठी वं माय?" मी विचारलं.

"शर्यतीच्या पोराईसाठी. आपल्या हर्षदीपच्या नावानं ठेवून राह्यले ना यंदा. पान्यातून कुडकुडत निघतीन, तं अंगात घालतीन."

"त्याइच्याजवळ रायते आपापले कपडे."

"त्याच्याजवळबी व्हतं." मायनं दोरा दातानं तोडला. "काढून फेकलं. काढलं नसतं तं आज जित्ता असता. याइले मी सांगीन, काहीबी करा, पन अंगातलं काढू नका."

खरी गोष्ट नेमकी उलटी होती. जाकीट काढलं म्हणून माझा भाऊ गेला नाही, ते घातलं म्हणून गेला. हे मला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, मायला माहीत नव्हतं. वर्षभर मी तिला कळू दिलं नव्हतं. आणि आता तेच मरण गाठोड्यात बांधून ती दुसऱ्यांच्या लेकरांना वाटायला निघाली होती. तिला अडवायचं होतं, पण कारण सांगायचं नव्हतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती.

आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडचे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण, आणि मधे आम्ही. मी मराठी शाळेत शिकवते. फळ्यावर मराठी लिहिते आणि साहेबांचं पत्र आलं की तेलुगू वाचणारा शोधत फिरते. माझी माय, रुख्मिणी, जन्मभर भगवंतरावांच्या वावरात कापूस वेचत आली. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. तिनं त्या वेचणीवर मला बी.एड. केलं आणि माझ्या धाकट्या भावाला, हर्षदीपला, बी.पी.एड. कापसाबद्दल तिला कोणी काही शिकवायला जावं, अशी कोणाची छाती नव्हती.

भगवंतरावांच्या घरी पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढी कापसाची गंजी लागायची. थंडीच्या दिवसांत आम्ही दोघं भावंडं मायबरोबर जायचो आणि तिचं गाठोडं काट्यावर चढेपर्यंत त्या गंजीत कोपरापर्यंत हात खुपसून उभे राहायचो. आतून ऊब यायची. दवातला ओलसर कापूस आला असला, तर गंजीच्या पोटात हात ठेववत नसे इतका तो तापायचा. भगवंतराव शिव्या घालायचे, कारण तापलेला कापूस पिवळा पडतो आणि व्यापारी नाक मुरडतो. आम्हाला व्यापाऱ्याचं काय? आम्हाला एवढंच कळलं की ओला कापूस गरम होतो. आमच्याकडच्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असतं, शिकवावं लागत नाही. त्या ठाऊक असण्यानंच आमचं घर बुडवलं.

हर्षदीप मुधोळच्या बाजूला एका निवासी शाळेत पी.ई.टी. होता, म्हणजे खेळाचा मास्तर. पैनगंगेत पोहायला शिकलेला, आणि सायकल तर त्याच्या अंगालाच चिकटलेली. त्या वर्षी हैदराबादच्या एका क्लबनं आमच्या जिल्ह्यातल्या एका तलावावर ट्रायथलॉन ठेवली. आधी तलावात पोहायचं, तसंच बाहेर येऊन सायकलवर बसायचं, सायकल ठेवून धावत सुटायचं. मधे दम खाऊ देत नाहीत. कपडे चढवायला लागलेला वेळसुद्धा शर्यतीतच धरतात. आणि हे ठेवलं कधी, तर संक्रांतीच्या आधी, ऐन गारठ्यात, सकाळच्या पारी. जाहिरातीत त्यांनी थंडीचंच कौतुक केलं होतं. शहरातल्या लोकांना थंडी हौसेनं शोधावी लागते. आमच्याकडे ती फुकट दारात येते आणि जाताना दोन-चार म्हातारी माणसं घेऊन जाते.

"हे काऊन करून राह्यला तू?" मी त्याला विचारलं होतं.

"पोरं पायतीन ना, ताई," तो म्हणाला. "आपला मास्तर त्या रबरी सूटवाल्याइच्या मांगं नाही राह्यला, येवढं पायलं तरी लय झालं."

पोहताना घालायचा रबरी सूट त्याच्याकडे नव्हता. पैनगंगेत कोणी सूट घालून उतरतं का, असं तो वर म्हणायचा. पण त्याला खरा घोर पाण्याचा नव्हता, पाण्यातून निघाल्यावरचा होता. नुसत्या चड्डीवर पोहून निघालेला माणूस त्या वाऱ्यात सायकलवर काय घालून बसणार? मी म्हटलं, आदिलाबादच्या बाजारातून लोकरीचं स्वेटर आणते. माय अशी हसली की मलाच लाज वाटली.

"मेंढराचे केस घालशीन भावाच्या अंगात? घरात कापूस असून?"

मग ती भगवंतरावांकडून चांगला पांढराशुभ्र कापूस घेऊन आली. ओट्यावर बसून त्यातली सरकी तिनं बोटांनी काढली, एकूण एक, पोराच्या पाठीला टोचू नये म्हणून. रुई पिंजली, मांजरपाटात पसरली आणि टाके घातले. बटणं नकोत, गारठलेल्या बोटांनी लागत नाहीत, ही अक्कल तिचीच. म्हणून दप्तराची चिकटपट्टी.

"भिजलं तं?" मी विचारलं. "अंग ओलं राहीन ना त्याचं."

"भिजू दे. ओला कापूस अजून गरम व्हते. गंजीत हात घालून उभी रायत नव्हती का तू?"

राहत होते. हातच्या काकणाला आरसा कशाला? हर्षदीपही म्हणाला, "बरोबर हाये मायचं."

त्यांनी अंगणात सरावसुद्धा केला. रविवारी दुपारी तो घरी आला की बादली डोक्यावर ओतून घ्यायचा आणि निथळत खाटेकडे धावायचा. माय जाकीट उघडं धरून उभी असायची. त्यानं हात घालायचे, तिनं पट्टी दाबायची आणि पाठीवर थाप मारायची, की तो सायकलवर टांग मारून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचा. "झबलं घालतानीबी असाच पळे," माय शेजारणींना सांगायची. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. अंगणात ऊन पडलेलं असायचं, जाकीट अंगातच वाळायचं. त्याला एकदाही थंडी वाजली नाही.

शर्यतीच्या सकाळी तलावावर धुकं इतकं होतं की पलीकडचा बांध दिसत नव्हता. आडव्या पाइपांवर सायकली टांगलेल्या होत्या आणि प्रत्येक सायकलीखाली एकेकाचा टॉवेल, त्यावर कपडे. ज्या क्रमानं अंगात चढवायचे त्या क्रमानं मांडलेले. हैदराबादच्या लोकांनी मोज्यांत पावडर टाकून ते गुंडाळून ठेवले होते, बूट तोंडं उघडून ठेवले होते, वारा लागू नये म्हणून जाकिटाच्या छातीत वर्तमानपत्राची घडी सारली होती. हर्षदीपच्या सायकलीखाली एक पातळ टॉवेल, मोजे आणि बूट. जाकीट तिथं नव्हतं. ते मायजवळ होतं, शालीखाली पोटाशी धरलेलं, त्यातली ऊब जाऊ नये म्हणून.

माईकवरची मुलगी तेलुगूत आणि इंग्रजीत सूचना देत होती. पाण्यातून आल्यावर अंग पुसा, कोरडं घाला. लोकर चालेल, सिंथेटिक चालेल. "कॉटन वद्दू," ती पुन्हा पुन्हा म्हणाली, म्हणजे कापूस नको. बघायला जमलेली आमच्याकडची माणसं हसायला लागली. आमचे शेजारी डोमाजी म्हणाले, "आदिलाबादेत येऊन कापूस नको म्हन्ते. उद्या म्हनीन, पानी नको." मीही हसले. हर्षदीपनं ते ऐकलं, माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि मग मायकडे बघितलं. मायला इंग्रजी येत नाही, आणि त्या गलक्यात तिचं तेलुगूकडेही लक्ष नव्हतं.

सूटवाले पाण्यातून पटापट निघाले. हर्षदीप मागे राहिला. नदीत पोहणं वेगळं. तिथं प्रवाह माणसाला नेतो. तो बाहेर आला तेव्हा ओठ जांभळे झाले होते आणि हनुवटी थडथडत होती. टॉवेलकडे तो वाकलाच नाही. समोर माय जाकीट उघडं धरून उभी होती.

तो थांबला. पापणी लवावी तेवढाच, पण थांबला. थंडीनं पाय अडखळले म्हणून थांबला, की माईकवरचं आठवलं म्हणून? हे मी वर्षभर स्वतःला विचारत आले आहे, आणि उत्तर देणारा नाही. त्यानं मुकाट्यानं हात घातले. माय समोर जाकीट घेऊन उभी असताना नको म्हणणारं पोर ते नव्हतं. मायनं पट्टी दाबली, पाठीवर थाप मारली.

"व्हईन आता गरम," ती म्हणाली.

"हो माय," तो म्हणाला आणि सायकल घेऊन धुक्यात गेला. त्यापुढे तो कोणाशी काही बोलला असेल, तर ते रस्त्याकडेच्या कापसाच्या पऱ्हाटीनं ऐकलं असेल.

पुढचे परत आले, मागचे परत आले, धावायला गेलेले धावून आले. हर्षदीप आला नाही. शोधायला गेलेली गाडी त्याच रस्त्यानं गेली आणि आली. सायकल एका वावराच्या बांधावर गवतात आडवी होती, धुक्यात दिसली नाही. दुसऱ्या कुठल्या वेळी आमच्याकडच्या कापसाच्या वावरात माणूस नाही असं होत नाही. पण सकाळी दव असतं, आणि दव वाळेपर्यंत वेचणीला कोणी उतरत नाही, कारण ओला कापूस मालक घेत नाही. उन्हं वर आल्यावर बाया आल्या, तेव्हा त्यांना तो दिसला. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधे, उघडा, गुडघे पोटाशी घेतलेले. जाकीट बाजूच्या झाडांवर पडलेलं होतं. दुरून त्या बायांना वाटलं, कोणीतरी वेचलेला कापूस विसरून गेलं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं मला बाजूला घेतलं आणि हिंदीत सांगितलं. पाण्यातून निघतानाच तो निम्मा गारठला होता, म्हणाला. त्यावर ओला कापूस. कापूस अंगावरचं पाणी पितो आणि धरून बसतो, मग सायकलीचा वारा त्यातून सगळी ऊब ओढून नेतो. लोकर ओली असली तरी थोडी राखते, कापूस काही राखत नाही. अंग पुसून नुसता गेला असता तरी कदाचित वाचला असता, असं तो म्हणाला.

"मग त्यानं ते काढलं कशाला?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाला, गारठून जाणाऱ्या माणसाला शेवटी शेवटी अंगाची आग होतेय असं वाटतं. भ्रम असतो तो. माणूस स्वतःच कपडे काढतो.

म्हणजे माय म्हणाली होती तसं त्याला गरम झालं होतं.

गंजीचं कोडं मला नंतर सुटलं. कापसाच्या गंजीत ऊब येते ती रुईची नसते, सरकीची असते. सरकी म्हणजे जिवंत बी. ओल लागली की बी तापतं. मायच्या जाकिटात एकही सरकी नव्हती. ती तिनंच निवडून काढली होती.

हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते? विहारात पुण्यानुमोदनाला सगळं गाव रडलं, माय रडली नाही. ती चिडली होती. "ऐकलं नाही माह्यं," एवढंच ती आल्यागेल्याला सांगायची. "घालून देल्लं व्हतं, काढून टाकलं." घरी त्याचा फोटो बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली लावला होता. सकाळी मेणबत्ती लावताना ती वरच्या दोघांना हात जोडायची आणि खालच्याला बोलायची. "आगाव. मायपेक्षा शायना झाला ना?" सुरुवातीला मला तिचा संताप यायचा. मेलेल्या पोराला कोणी असं बोलतं का? मग लक्षात आलं की त्या रागावरच ती उठते आहे. राग तिला चूल पेटवायला लावतो, वावरात नेतो, दोन घास खायला लावतो. तो राग काढून घेतला, तर खाली काय होतं ते मला माहीत होतं.

मग यंदा जिल्ह्यातल्या खेळाच्या मास्तरांनी त्याच तलावावर त्याच्या नावानं शर्यत ठेवली. बैल गेला आणि झोपा केला. आता ॲम्ब्युलन्स होती, गरम पाणी होतं, घोंगड्या होत्या, पोहण्याचं अंतर कमी केलं होतं, रस्त्यावर हाकेच्या अंतरानं माणसं उभी केली होती. चौकात हर्षदीपचा मोठा फ्लेक्स लागला. शिट्टी गळ्यात अडकवलेला त्याचा साधा फोटो मी दिला होता, पण फ्लेक्सवाल्यानं त्याला निळा सूट आणि टाय चढवला. त्या दिवशी त्याच्या अंगावर एक लोकरीचा धागा नव्हता, आणि मेल्यावर त्याला सूट मिळाला. मी त्या फ्लेक्सखाली उभी राहून फ्लेक्सवाल्याला मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मायला हिरवा झेंडा दाखवायला बोलावलं होतं. मी माझ्या परीनं वाट काढली. "पान्यात उतराच्या आंधी घालाले दे ना, माय," मी म्हटलं. "उभं राहूनच जास्त गारठते मानूस." हे तिला पटलं. आणि खरंच, कोरड्या अंगावर ती जाकिटं मुलांना उबदार वाटली. त्यांनी ती घालून फोटो काढले, मायच्या पाया पडले. पाण्यात उतरायच्या वेळी मी सगळ्यांची जाकिटं गोळा केली, गाठोडं बांधलं आणि गाडीत टाकून कुलूप लावलं. मला वाटलं, सुटले.

एक जाकीट मायनं शालीखाली ठेवलं होतं.

पाण्यातून मुलं यायला लागली. सूटवाली गेली, त्यांच्यामागून चंचल आली. मुधोळची पोर, हर्षदीपच्या हाताखाली शिकलेली, आता कॉलेजात. सूट नव्हता. खांदे आवळलेले, दात वाजत होते. माझ्याआधी माय पुढे झाली. तिनं शाल बाजूला केली आणि जाकीट उघडं धरलं.

"घाल, बाई. ओलं झालं तरी गरम रायते. फक्त काढू नोको."

चंचल थांबली. त्या पोरीला सगळं माहीत असणार; खेळाच्या मुलांना हल्ली सगळं सांगतात. तिनं जाकिटाकडे पाहिलं, मायच्या तोंडाकडे पाहिलं. आणि तिनं मुकाट्यानं हात पुढे केले.

मी धावले. जाकिटाचं एक टोक मी धरलं, दुसरं मायनं सोडलं नाही.

"सोड, माय."

"काऊन? पोरगी कुडकुडून राह्यली."

"ओल्या अंगात कापूस नाही घालत. सोड."

"मले शिकवते? ओला कापूस गरम..."

"नाही व्हत!" माझा आवाज चढला, लोक वळून बघायला लागले. "गरम नाही व्हत, माय. गंजीत सरकी रायते, सरकी तापते. याच्यात सरकी नाही. हे नुसतं पानी पेते अन् थंड मारते. जीव जाते यानं."

बोलून गेले. वर्षभर दातांखाली धरून ठेवलेलं भर लोकांत तोंडातून गेलं. मायनं टोक सोडलं नाही, पण ओढायचं थांबवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी चंचलकडे वळले. टॉवेलनं तिचं अंग खसाखसा पुसलं, माझ्या अंगातलं लोकरीचं स्वेटर काढून तिच्या डोक्यातून घातलं, वरून तिच्याच कपड्यांतलं वारा अडवणारं जाकीट चढवलं आणि तिला सायकलकडे ढकललं. ती रडत होती. जा, म्हटलं.

वळले तेव्हा माय जागेवर नव्हती. ती खाली पाण्याशी गेली होती. वाकून तिनं ते जाकीट तलावात बुडवलं, धुणं पिळतात तसं थोडं पिळलं आणि लुगड्यावरून अंगात घातलं. पट्टी दाबली. मग बांधाच्या दगडावर, वारा तोंडावर येईल अशी, बसली.

"माय, काढ ते."

"थांब. पाऊ दे मले."

मी तिच्या शेजारी बसले. शाल तिच्या खांद्यावर टाकायला गेले, तिनं ती बाजूला सारली. सायकलवाले निघून गेले होते, त्यांच्यामागे बघे गेले, माईकवर कोणीतरी हर्षदीपचं नाव घेऊन भाषण करत होतं. मायचे ओठ काळे पडायला लागले. तिची हनुवटी तशीच थडथडायला लागली, जशी त्याची. मी दोनदा उठले, दोनदा तिनं माझं मनगट धरून बसवलं. ती कशाची वाट पाहत होती ते मला कळत होतं. ती गरम होण्याची वाट पाहत होती. सगळा जन्म त्या कापसात हात घालून काढलेली बाई ती, तिच्यासाठी कापसानं एवढं तरी करायला हवं होतं.

"नाही व्हत," शेवटी ती म्हणाली.

तिनं पट्टीला हात घातला. बोटं धरेनात. मी पुढे झाले तर तिनं मला कोपरानं ढकललं, आणि मनगट आत अडकवून जोर लावला. पट्टी चर्रकन उघडली. जाकीट अंगातून सोलून काढल्यासारखं काढून तिनं मांडीवर घेतलं. त्यातून पाणी गळत होतं.

"म्या घातलं," ती म्हणाली. दात वाजत होते, शब्द तुटत होते. "म्या घातलं त्याच्या अंगात."

मी ते मांडीवरून उचलायला गेले, तिनं वर दोन्ही हात ठेवले.

"अन् त्याले समजलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनून काढलं त्यानं. हो ना वं? समजलं म्हनूनच काढलं ना?"

डॉक्टरचं बोलणं माझ्या जिभेवर होतं. तो भ्रम असतो, माणूस स्वतःच काढतो, त्याला काही समजत नसतं. मी ते गिळलं.

"हो माय," मी म्हटलं.

ती त्या ओल्या जाकिटाकडे बघत राहिली.

"अन् मी सालभर त्यालेच बोलत राह्यली," ती म्हणाली.

मग ती रडली. पोर गेल्यापासून पहिल्यांदा. मी शाल तिच्याभोवती गुंडाळली, तिचे दोन्ही हात माझ्या काखेत घेतले आणि चोळत बसले. हात बर्फासारखे गार होते, आणि बराच वेळ ते गारच राहिले.